दुसरा तपासनीस लई खडूस आहे

गाईचं तोंड उघडून दात बघणाऱ्या पोरीच्या प्रेमात कुणी पडतं का हो? पडतं! बेल्ह्याच्या बाजारात, घोटाभर चिखलात, टेम्पोंच्या भोंग्यांत आणि शेणाच्या वासात पडतं. फक्त त्या पोरीला ते जरा उशिरा कळतं, एवढंच.

पोरीचं नाव प्राची. पिंपळवंडीची. औषधशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेली... म्हणजे गावाच्या मते बसलेली. खरं तर ती दिवसभर काम करायची, पण ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला गाव कामात धरत नाही. त्या दिवशी तिच्या वडलांना, सोपानआबांना, गाय घ्यायची होती. आबा पडले भिडस्त. समोरच्यानं ‘पावणं’ म्हणून हाक मारली की यांचा हात खिशाकडे गेलाच. म्हणून आईनं लेकीला सोबत धाडलं होतं.

“दुसऱ्या वेताची हाय, पावणं. लई गरीब. लेकरानं धार काढली तरी हालायची न्हाई,” गाईचा मालक दादाभाऊ म्हणाला.

“दोनदाच व्यायलीय?” प्राचीनं विचारलं.

“मंग! खोटं सांगून मला काय करायचंय?”

“दूध सकाळी किती, संध्याकाळी किती? मागच्या पावसाळ्यात आजारी होती का? लस टोचलीय? कुणी टोचली? कागद कुठंय?”

दादाभाऊ उपरण्यानं कपाळ पुसायला लागला. आबा “अगं, राहू दे की” असं पुटपुटले. आणि गाईच्या पलीकडून कुणीतरी खुदकन हसलं.

“ताई, गाय न्यायचीय का पोलिसात भरती करायचीय?”

प्राचीनं मान उंचावून पाहिलं. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात गाईचं दावं. आणि डोळे असे मिस्कील, की ती बोलणार होती तेच विसरली.

“ताई म्हणू नका,” ती कशीबशी म्हणाली.

“मग काय म्हणू?”

“काहीच म्हणू नका. तोंड उघडा.”

“माझं?”

“गाईचं!”

त्यानं हसत हसत गाईचा जबडा उघडून धरला. प्राचीनं झिजलेले दात बघितले, शिंगांवर बोट फिरवून कड्या बघितल्या आणि म्हणाली, “चौथं वेत आहे. कमी नाही.”

तो दादाभाऊकडे बघायला लागला. “मामा?”

मामा आभाळाकडे बघायला लागले. “आरं, दोन वेतं आमच्या गोठ्यात झाली. आदीची मी कशाला मोजू?”

आबांना हसू आवरेना. निळ्या शर्टाचे कान मात्र लाल झाले. “मला मामानं दुसरं वेत सांगितलं, मी तेच धरून चाललो,” तो म्हणाला.

“म्हणूनच तुम्हाला कुणीही काहीही विकू शकतं.”

“आणि तुम्हाला कुणीच काही विकू शकत नाही. अवघड आहे राव तुमचं!”

आबांनी गाय घेतलीच. भाव उतरला होता आणि गाय खरंच गरीब होती. लसीचा कागद घरी राहिला होता, तेव्हा भाच्यानं, म्हणजे अमृतनं, प्राचीचा नंबर घेतला आणि संध्याकाळी फोटो पाठवला. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, ‘गाय रुळली का?’ तिसऱ्या दिवशी आला, ‘गाय चारा खाते का?’ पुढच्या आठवड्यात आला, ‘गाईची मालकीण काय म्हणते?’ मालकीण गोठ्यात उभी राहून एकटीच हसली. मग तिनं गाईकडे असं रागानं बघितलं, जसं काही सगळा दोष गाईचाच.

आता प्राचीच्या कामाचं सांगायला हवं, कारण खरा घोळ तिथंच आहे.

लेप्टो नावाचा एक ताप असतो. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून तो पाण्यात उतरतो आणि चिखलात, भाताच्या खाचरात राबणाऱ्यांना धरतो. या तापावर जगभरात जे शोधनिबंध लिहिले गेले, ते पुण्याच्या एका संस्थेनं गोळा केले होते. सगळे माणसानं वाचायचे म्हटलं तर जन्म जायचा. म्हणून एआयला वाचायला दिले होते. एआय प्रत्येक निबंध वाचून एक तक्ता भरायचं. रुग्ण किती, औषध कोणतं, आजाराच्या कितव्या दिवशी दिलं, बरे किती झाले. काम झरझर व्हायचं. पण त्यानं भरलेलं खरं कशावरून?

ते बघायला दोन तपासनीस नेमले होते. प्रत्येकानं आपापल्या घरी मूळ निबंध उघडायचा, एआयचं एकेक उत्तर ताडून बघायचं आणि शेरा द्यायचा: बरोबर, चूक किंवा संशयास्पद. दोघांनी एकमेकांना ओळखायचं नाही, बोलायचं नाही. दोन माणसं आपापल्या डोक्यानं एकच म्हणाली, तरच त्या म्हणण्याला वजन. पुढे याच तक्त्यावरून डॉक्टर लोक औषधाचं ठरवणार होते. संस्थेच्या साधना मॅडमनी प्राचीला सांगितलं होतं, “हे नीट पार पाड, तुझं नाव निबंधावर येईल आणि पुण्यात माझ्या टीममध्ये तुला कायमची जागा.” प्राचीला ती जागा हवी होती. रात्री झोपताना हवी होती, सकाळी उठताना हवी होती. कांदे साठवायच्या बराकीशेजारी बसून ती जगाचे निबंध तपासायची आणि आपण खरंच काहीतरी करतोय असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

अमृत घोडेगावला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचा. आणि प्राचीची मावशी घोडेगावलाच राहायची. वर्षभर जिची आठवण आली नव्हती, त्या मावशीची प्राचीला अचानक इतकी आठवण यायला लागली, की आईसुद्धा चकित झाली.

स्टँडसमोरच्या टपरीवर दोघं बसले होते. पत्र्यावर सर वाजत होती, डोंगराकडची एसटी भिजत उभी होती आणि कंडक्टर “आहुपे, आहुपे” म्हणून ओरडत होता. अमृतनं तिचा ग्लास पागोळीखालून आत सरकवला. बोटाला बोट लागलं... आणि दोघंही चहाकडे टक लावून बघायला लागले.

“तुम्ही... कॉलेजाव्यतिरिक्त काय करता?” तिनं विचारलं.

“एका यंत्राची शिकवणी घेतो. ते निबंध वाचतं, मी त्याचा पेपर तपासतो. काम मजेचं आहे, पण...” त्यानं आवाज खाली आणला. “माझ्यासारखाच अजून एक तपासनीस आहे. कोण ते माहीत नाही. सरावाच्या फेरीनंतर मॅडमनी त्याचे शेरे दाखवले, नाव झाकून. लई खडूस आहे!”

प्राचीचा ग्लास ओठांशी थांबला. “खडूस म्हणजे?”

“निवृत्त हेडमास्तर असणार. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, घरात कुणाशी पटत नाही. यंत्रानं सूर्य पूर्वेला उगवतो लिहिलं, तरी हा शेरा मारणार: मूळ लेखात असं स्पष्ट म्हटलेलं नाही.”

चहा प्राचीच्या नाकातून यायचा बाकी राहिला. तो शेरा तिचा होता, शब्दन् शब्द! म्हणजे हा पहिला तपासनीस? दिसेल त्या उत्तरापुढं ‘बरोबर’ लिहिणारा तो भोळा सांब, ज्याचे शेरे मॅडमनी तिलाही नाव झाकून दाखवले होते आणि ज्याला तिनं घरात बसून मनातल्या मनात कितीदा शिव्या घातल्या होत्या... तो हा?

“पण नसेल म्हटलेलं मूळ लेखात!” ती फणकाऱ्यानं म्हणाली.

अमृत तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. मग त्यानं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे केला आणि हळूच म्हणाला, “हो... नसेलही.”

परत येताना एसटीत तिनं दोनदा मोबाइल हातात घेतला. मॅडमना सांगायला हवं होतं. पण सांगितलं की दोघांतला एक जाणार. ती गेली तर पुण्याची जागा गेली. तो गेला तर... तो तिच्यामुळं गेला. पिंपळवंडी आली तोवर तिनं स्वतःची समजूत घातली होती, की आपण कामाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, म्हणजे झालं.

आणि नाही बोलली हो! बाकी सगळं बोलली. मावशीच्या घराऐवजी डिंभ्याच्या धरणावर जाऊन बोलली, मोटरसायकलवर मागं बसून वाऱ्यात ओरडून बोलली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही आठवेना.

“तू सगळ्यांवर इतका संशय का घेतेस गं?” धरणाच्या भिंतीवर बसून त्यानं एकदा विचारलं.

“तू सगळ्यांवर इतका विश्वास का ठेवतोस?”

“बरं वाटतं.”

“आणि फसलास तर?”

“तर तू आहेस की दात बघायला.”

त्या रात्री प्राचीला वाटलं, आपण खरंच खडूस आहोत. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडल्यावर ‘संशयास्पद’ लिहिताना तिचं बोट अडखळलं. अमृत इथं काय म्हणाला असता? तो म्हणाला असता, असेल बरोबर, जाऊ दे. तिनं जाऊ दिलं. मग पुढचंही जाऊ दिलं. गंमत म्हणजे तिला छान वाटत होतं, त्याच्या शेजारी बसून काम केल्यासारखं.

मग तो गोठ्यांवरचा निबंध आला. परदेशातलं एक लहानसं खेडं, तिथले गोठे, तिथली माणसं. एआयनं लिहिलं होतं की शंभरावर रुग्णांना औषध दिलं आणि जवळजवळ सगळे बरे झाले. एवढ्याशा खेड्यात एवढे रुग्ण? प्राचीच्या मनात पाल चुकचुकली. मागं जाऊन मधला तक्ता उघडायला हवा होता. पण अमृत ‘बरोबर’ म्हणाला असता... तिनं ‘बरोबर’ लिहिलं आणि मोबाइल बघितला. त्याचा मेसेज आला होता. ती गालातल्या गालात हसली आणि तो निबंध विसरून गेली.

दिवाळी उलटल्यावर साधना मॅडमनी दोघांना एकाच वेळी व्हिडिओवर बोलावलं.

“तुम्ही दोघं आज पहिल्यांदाच एकमेकांना बघताय,” मॅडम म्हणाल्या. “हा पहिला तपासनीस, ही दुसरी.”

पडद्यावर अमृतचा चेहरा होता. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. आणि ती दचकली नाही, हे त्यानंही बघितलं.

“मला कोडं पडलंय,” मॅडम सांगू लागल्या. “सुरुवातीच्या निबंधांत अमृत उदार, प्राची कडक. ठीक आहे, माणसं वेगवेगळी असतात. पण नंतरच्या निबंधांत अमृत कडक, प्राची उदार! मला वाटलं फायलींची अदलाबदल झाली. सगळं तपासलं, तसं काही नाही. आणि हा गोठ्यांचा निबंध बघा. एआयनं गाई माणसांत धरल्यात.”

“गाई?” प्राचीच्या तोंडून निघालं.

“मधल्या तक्त्यात आजारी गाईंची संख्या आहे. तीच उचलून रुग्ण म्हणून लिहिलीय. गुरांच्या औषधाचं माप माणसांच्या नावावर गेलं असतं. अमृतनं संशय घेतला म्हणून सापडलं. प्राची, तू ‘बरोबर’ म्हटलंस. तू?”

खोटं बोलणं सोपं होतं. नजर चुकली म्हणायचं, मॅडमनी माफ केलं असतं. पुण्याची जागा तिला डोळ्यांसमोर दिसत होती, खिडकीजवळचं टेबलसुद्धा तिनं मनात ठरवलं होतं.

“मॅडम, आम्ही ओळखतो एकमेकांना,” ती म्हणाली. “कामाबद्दल कधी बोललो नाही. पण ती संख्या मला खटकली होती. खटकूनही मी सोडली, कारण मला वाटलं, हा इथं ‘बरोबर’ म्हणेल. मी माझ्या डोक्यानं तपासलंच नाही.”

“मॅडम, चूक माझी आहे,” अमृत मध्येच म्हणाला. “मला पहिल्या चहालाच कळलं होतं हिचं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आणि... मी ती चूक पकडली वगैरे काही नाही. मी नुसता विचार केला, की ही इथं संशय घेईल, म्हणून मीही घेतला. गाई मला दिसल्याच नव्हत्या.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे हिचं चुकलेलं उत्तर हिचं नाही आणि तुझं बरोबर आलेलं उत्तर तुझं नाही?”

दोघांनीही मान डोलावली.

“मला एआयवर किती भरवसा ठेवायचा ते शोधायचं होतं,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्यावर किती ठेवायचा याचा विचारच केला नव्हता मी! नंतरचं सगळं काम रद्द. ते पुन्हा होईल. एकजण राहील, दुसऱ्याच्या जागी नवा माणूस येईल. आधीचं काम चोख आहे आणि विचारल्यावर खरं बोललात, म्हणून एवढं तरी. कोण राहणार ते उद्या दुपारपर्यंत मला वेगवेगळं कळवा.”

प्राची पोटभर रडली आणि मग मेल लिहिला: अमृतला ठेवा. लिहिताना मनात एक गोड दुखणं होतं. आपण त्याच्यासाठी केवढं सोडलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. त्या चांगल्याच तापल्या होत्या.

“तू लिहितेस अमृतला ठेवा. तो लिहितो प्राचीला ठेवा. म्हणजे मी आता कुणालाच ठेवायचं नाही? पुन्हा तेच! समोरच्याच्या मनात काय असेल ते ओळखून उत्तर द्यायचं! अगं, इतके दिवस मी बोलू नका म्हणत होते. आता सांगते, बोला! भेटा, भांडा, काय वाट्टेल ते करा, पण मला एक खरं उत्तर द्या.”

उन्हं कलायच्या आत अमृतची मोटरसायकल पिंपळवंडीच्या शिवारात उभी होती. कांद्याच्या वाफ्यांत पाटाचं पाणी झुळझुळत होतं, बाया पलीकडे रोपं लावत होत्या. दोघं बांधावर उभे राहिले.

“तुला—”

“तुला—”

“तू आधी,” अमृत म्हणाला. “आणि माझ्यासाठी काय बरं, ते नको सांगूस. तुला काय हवंय?”

प्राचीनं मोठा श्वास घेतला. “मला राहायचंय,” ती म्हणाली. “लई राहायचंय, अमृत. ते काम माझं आहे. मी ते चांगलं करते. मेल लिहिला तेव्हासुद्धा मला राहायचंच होतं.”

त्याचा चेहरा पडला का, हे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तरी बघितलंच. तो थोडा पडला होता.

“मला वाईट वाटणार,” तो म्हणाला. “बरेच दिवस वाटणार. पण मला खरी गोडी वर्गात उभं राहण्याची आहे. तुझ्याइतकं मला ते काम हवं नाहीये. तू राहा.”

“हे तू माझ्यासाठी म्हणतोयस?”

“नाही गं बाई! घे, मामाची शप्पथ.”

“मामाची नको. मामा वेतं लपवतो.”

तो हसला आणि तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. तिथंच उभं राहून दोघांनी मॅडमना फोन लावला, एकच उत्तर दिलं. मॅडम म्हणाल्या, “सोमवारपासून काम सुरू. आणि प्राची, नवा माणूस कोण ते शोधायचं नाही!”

फोन ठेवल्यावर अमृत चपलेनं ढेकूळ फोडत राहिला.

“अजून एक प्रश्न आहे,” तो म्हणाला. “याचं उत्तर तुझं तू द्यायचंस. मला बरं वाटावं म्हणून नाही. माझ्या तोंडाकडे बघूनही नाही.”

प्राची त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली, पाटाकडे तोंड करून. “विचार.”

“माझ्याशी लग्न करशील?”

पाणी वाहत होतं. पलीकडे बाया एकमेकींना काहीतरी सांगून हसत होत्या. प्राचीनं स्वतःलाच विचारलं. तो काय म्हणेल, आई काय म्हणेल, गाव काय म्हणेल, हे सगळं बाजूला सारून विचारलं. आणि आतून उत्तर इतकं सरळ आलं, की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

“हो,” ती म्हणाली. इतकी मोठ्यानं म्हणाली, की रोपं लावणाऱ्या बाया माना वर करून बघायला लागल्या.

तिनं वळून बघितलं, तर अमृत बांधावर मटकन बसला होता आणि हाताच्या पंजानं डोळे पुसत होता.

“ऊठ,” ती म्हणाली. “एकाच्या उत्तरावर भागत नाही. आता तू पाठ कर. मी विचारते.”

तो उठला, वळून उभा राहिला.

“अमृत, तू माझ्याशी—”

“हो!”

“अरे, प्रश्न तरी पूर्ण ऐक! मी काय विचारणार होते तुला काय माहीत?”

“काय विचारायचं ते विचार,” तो म्हणाला. “माझं उत्तर बरोबर आहे.”

“असं कसं बरोबर? लग्न कधी करायचं? मी पुण्याला गेले तर तू घोडेगावहून कसा येणार? तुझ्या आईला सांगितलंस का? मामाला कोण सांगणार? आबांना विचारायला तू येणार का आधी आई येणार? आणि...”

अमृत वळला. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि ती विचारत राहिली, तो ऐकत राहिला. दोघंही अगदी आपापल्यासारखे.